शॉवर हॉटेलसारखा हवाय, पण टाकी सोसायटीची आहे

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्यात सिंहगड रोडला राहणाऱ्या ५२ वर्षांच्या एका वाचक ताईंचा फ्लॅट १९९६ सालच्या चार मजली बिल्डिंगमध्ये अगदी वरच्या मजल्यावर आहे. बेडरूमला लागून असलेलं साडेसात बाय साडेचार फुटांचं बाथरूम पूर्ण फोडून नवीन करायचंय. मिस्टरांना टूरवर हॉटेलात बघितलेला काचेचा शॉवर हवाय, वरून पावसासारखं पाणी, भिंतीतून फवारे, बसायला ग्रॅनाइटचा कट्टा, शाम्पूला भिंतीत कोनाडा. डिझायनरने ३ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय. बंगलोरची मुलगी म्हणते करून टाका, रिसेलला बरं पडतं. सासूबाई ७७ वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून बादली-तांब्याने आंघोळ करतात. सोसायटीत पाणी सकाळी दोन तास येतं, उन्हाळ्यात टँकर. ताईंचा प्रश्न: "शॉवर घ्यावाच का, आणि घ्यायचा तर एवढ्याशा जागेत बसवायचा कसा? की सासूबाईंना दुसरं बाथरूम देऊन हे ह्यांच्या मनासारखं होऊ द्यावं?"

ताई,

तुमचं पत्र वाचलं, पण त्याहून जास्त वेळ मी तुम्ही जोडलेल्या कोटेशनच्या फोटोवर घालवला, झूम करकरून. फिटिंग्ज ९० हजार. काच ४२ हजार. खोटं छत आणि लाइट ३५ हजार. आणि सगळ्यात खाली, टॅक्सच्या वरच्या ओळीत, "वॉटरप्रूफिंग लमसम ६,०००". मला तुमच्या घरातल्या वादापेक्षा त्या सहा हजारांची जास्त काळजी वाटली, त्यावर येतेच, पण आधी एक विचारू का? पत्रात ह्यांना काय हवंय ते आहे, मुलीचं मत आहे, सासूबाईंचं "कशाला" आहे, डिझायनरचंही आहे. तुम्ही स्वतः कशी आंघोळ करता याबद्दल एक ओळ नाही. उभ्याने की बसून, केस रोज धुता का, घाई असते की सगळे गेल्यावर निवांत, काही म्हणजे काही नाही. बाथरूम डिझाइन करायचं म्हटलं की मी पहिला कागद हाच मागते. घरातल्या प्रत्येकाची आंघोळ लिहून काढा, कोण किती वाजता, किती पाण्यात, बसून का उभं, आणि आंघोळीशिवाय तिथे अजून काय काय होतं तेही. कपडे भिजतात का, फरशी पुसायची बादली तिथेच भरते का, मावशी पडदे तिथे आपटतात का, उन्हाळ्यात पाणी भरून ठेवायला पिंप असतं का. हॉटेलातल्या बाथरूममध्ये यातलं काहीच होत नसतं, तिथे माणूस दोन रात्री राहतो आणि पुसणारा दुसरा असतो.

आता शॉवर घ्यावा का, याचं उत्तर मी देण्याआधी तुमच्या टाकीला विचारूया. उद्या सकाळी दहा लिटरची बादली शॉवरखाली ठेवा, नळ पूर्ण सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. एका मिनिटात भरली तर मिनिटाला १० लिटर आले. छतातला मोठा रेन शॉवर नीट पडायला मिनिटाला १२ ते १५ लिटर तरी लागतात, मोठ्या साइजच्या प्लेटला त्याहून जास्त. प्रेशरचा हिशोब सोपा असतो, पाण्याची उंची साधारण दहा मीटर असेल तर एक बार प्रेशर मिळतं. तुम्ही वरच्या मजल्यावर, म्हणजे तुमच्या शॉवरपासून गच्चीवरच्या टाकीतलं पाणी फार तर आठ-दहा फूट उंच. पाव बार, फार तर किंचित जास्त. तळमजल्यावाल्यांना तेच पाणी तुमच्या चारपाच पट जोरात मिळतं. भिंतीतल्या फवाऱ्यांना, ते बॉडी जेट का काय म्हणतात त्यांना, एक-दीड बार तरी हवं, पाव बारवर ते फवारत नाहीत, भिंतीवरून ओघळतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. आमच्याकडे मी हौसेने मोठी चौकोनी प्लेट घेतली होती, शोरूममध्ये काय पडत होतं पाणी, मी तिथेच भुलले. तिथे मागे पंप चालू असतो हे विचारायचं सुचलं नाही. घरी लावलं तर पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखी धार, तीही मधल्या चारच भोकांतून. सहा महिने आम्ही सगळे त्याच्याखाली शेजारी बादली ठेवून आंघोळ करत होतो, आणि "छान आहे ना" असं एकमेकांना सांगत होतो.

डिझायनर म्हणेल पंप लावू. लावता येतो, पण त्याचं पूर्ण गाणं ऐकून घ्या. पंप सोसायटीच्या कॉमन लाइनवर परस्पर लावता येत नाही, कमिटीची परवानगी लागते आणि वरच्या बाकीच्या घरांचं पाणी खेचलं गेलं की भांडण ठरलेलं. १९९६च्या बिल्डिंगमध्ये आत लोखंडी जीआय पाइप असण्याची शक्यता भरपूर, ते आतून गंजून बारीक झालेले असतात, त्यांच्यावर अचानक जोर आला तर जिथे कमजोर तिथे सुटतात, म्हणजे पंपाआधी तुमच्या फ्लॅटमधले सगळे पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी झेलणाऱ्या प्लॅस्टिकचे, करणं आलं. गीझरही जास्त प्रेशर झेलणारा हवा, त्यावर ८ बार लिहिलेलं असतं ते बघा. आणि पंप फक्त गार लाइनवर लावून दिला, असं करणारे महाभाग असतात, तर गरम पाणी मिक्सरमध्ये, म्हणजे गार-गरम मिसळणाऱ्या नळात, यायचंच बंद होतं.

बरं, गीझर निघालाच आहे तर तेही बघून घ्या. तुमचा १५ लिटरचा आहे असं लिहिलंय. ६० डिग्रीचं १५ लिटर आणि हिवाळ्यातलं २० डिग्रीचं १५ लिटर मिळून चाळीस डिग्रीचं तीस लिटर पाणी होतं, अंगाला छान. रेन शॉवर मिनिटाला १२ लिटर घेणार, म्हणजे अडीच मिनिटांत ह्यांच्या डोक्यावर डिसेंबरातलं खडकवासला. मग पुन्हा वीसेक मिनिटं थांबा. २५ लिटरचा घेतला तर चारेक मिनिटं. तेच तीस लिटर हँड शॉवरने, मिनिटाला सहा लिटरच्या धारेने, पाच मिनिटं पुरतं, आणि सासूबाईंना बादलीत कालवून तर तेवढ्यात केसांसकट आंघोळ होते. सिव्हिल इंजिनियरिंगच्या पुस्तकांत शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ५५ आंघोळीचं. आठ मिनिटं रेन शॉवर म्हणजे शंभर लिटर. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हा आकडा एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा, एवढंच.

म्हणून माझं मत सरळ सांगते. शॉवर घ्या, पण छतातला आणि भिंतीतले फवारे दोन्ही खोडा. भिंतीवर उभा रॉड आणि त्यावर वरखाली सरकणारा हँड शॉवर, आपण ज्याला टेलिफोन शॉवर म्हणतो तो, थोडा मोठ्या तोंडाचा आणि कमी प्रेशरवर चालणारा. ह्यांना उभ्याने घ्यायचाय तर वर सरकवा, सासूबाईंना बसून घ्यायचाय तर खाली, तुम्हाला केस भिजवायचे नसतील तर खांद्याखाली. कमोडमागची भिंत धुवायला पण तोच. आणि बादलीचा नळ ठेवा, प्लीज ठेवा. डिझायनरच्या थ्रीडी चित्रात तो नाहीये, मी बघितलं. बादलीचा नळ "जुनाट" दिसतो म्हणून काढून टाकणारी घरं मी बघितली आहेत, आणि त्याच घरांत दोन महिन्यांनी हँड शॉवरची नळी बादलीत सोडून पाणी भरताना पण बघितलंय. नळ जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर, खाली बादली ठेवून वर तांब्या बुडवायला हात जाईल एवढा.

सासूबाईंना दुसरं बाथरूम द्यावं का, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जरा घाईने लिहिलंय असं वाटलं. त्याच पत्रात वर तुम्ही म्हणता की दुसऱ्यात इंडियन संडास आहे. गुडघा बदललेल्या बाईला तिकडे पाठवणार कसं? त्या येणार याच बाथरूममध्ये, रात्री दोन वेळा तर नक्कीच. आणि रागावू नका, पण तुम्ही ५२, ह्यांचे ५५-५६ असतील, हे बाथरूम पुढची वीस वर्षं चालणार. तेव्हा त्या स्टुलावर कोण बसलेलं असेल? सासूबाईंची सोय म्हणून जे जे कराल ते तुमचंच सामान आहे, थोडं आगाऊ घेतलेलं.

आता जागा. साडेसात बाय साडेचार, दार एका टोकाला, खिडकी दुसऱ्या टोकाला, मधे बेसिन आणि कमोड एका भिंतीला. शॉवर खिडकीखालीच हवा, तीन फूट लांब आणि पूर्ण साडेचार फूट रुंद. कोटेशनमधलं काचेचं उघडणारं दार बाहेर उघडलं तर कमोडला आपटतं, आत उघडलं तर आत माणूस पडला की दार उघडतच नाही, म्हणून आत उघडणारं दार तर कधीच नको. दारच नको. ५४ इंच रुंदीत कमोडच्या बाजूने २६-२८ इंचांची एक फिक्स काच आणि उरलेलं मोकळं, चालत आत जायचं. दोन फुटांच्या वर मोकळी जागा राहते, आधार देणारा माणूस पण सोबत आत जाऊ शकतो. काच टफन्डच, म्हणजे तापवून कडक केलेली, ८ किंवा १० मिमी.

आणि तो तीन इंची उंबरठा जो चित्रात दाखवलाय, "वेट एरिया वेगळा करायला", तो काढायला सांगा. ऑपरेशनवाल्या गुडघ्याला अंघोळीनंतर ओल्या पायाने उंबरठा ओलांडायला लावणं म्हणजे आपणच सापळा रचणं. पाणी अडवायचं काम उंबरठ्याचं नाहीच, ते ढाळाचं काम आहे. जाळीकडे फुटाला पाव इंच ढाळ धरला तर तीन फुटांत पाऊण इंच, एवढ्यात पाणी निमूट जातं. लांबडी स्टीलची जाळी खिडकीच्या भिंतीलगत घेतली तर ढाळ एकाच दिशेला द्यावा लागतो, मिस्त्रीला सोपं आणि टाइल्सचे तुकडे कमी. चौकोनी जाळी घेतली तर चारी बाजूंनी ढाळ, मग टाइल लहान हवी. जाळीखालचा नहाणी ट्रॅप मात्र जुना ठेवू नका, फोडताय तर बदला. (गंमत बघा, आपण न्हाणीघर हा शब्द सोडून बाथरूम म्हणायला लागलो आणि प्लंबर लोकांनी न्हाणी धरून ठेवली.) त्यात दोन इंच पाणी उभं राहायला हवं, तेच वास आणि झुरळं अडवतं.

टाइल्सबद्दल फार लिहीत नाही, खाली चकचकीत नको, बस्स. दुकानात सॅम्पलवर पाणी आणि शाम्पूचा थेंब टाकून अनवाणी उभं राहून बघा, दुकानदार हसेल, हसू दे. नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून सगळं घर एकामागून एक तिथे जाणार आहे, परीक्षा त्या दिवशी असते.

ग्रॅनाइटचा कट्टा तीन फुटांच्या जागेतला सव्वा फूट खातो आणि हिवाळ्यात बसवत नाही इतका गार असतो. स्टूल ठेवा, पण रबरी पायांचा, बसायला १८ इंच उंच, वजन झेलणारा. त्याच्या बाजूच्या भिंतीवर आडवा स्टीलचा दांडा, जमिनीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर, आणि आत शिरतो तिथे एक उभा. टॉवेल रॉडला दांडा समजू नका, तो टॉवेलचंच वजन जेमतेम घेतो, आणि तोल गेला की माणूस नेमका त्यालाच धरतो. दांडा कुठे येणार ते टाइल्स लावायच्या आधी ठरवा म्हणजे तिथून पाइप जाणार नाही. आणि हे तर सगळ्यांनीच करा, पाइप टाकून झाले, अजून भिंत उघडी आहे, तेव्हा प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप लावून मोबाइलवर फोटो काढा. टेपवरचे आकडे दिसले पाहिजेत. पाच वर्षांनी एक खुंटी मारायची असेल तेव्हा हा फोटो सोन्याचा असतो.

कोनाड्याचं असं की तो चार इंची भिंतीत होत नाही. आमच्या मिस्त्रीने केला, म्हणजे करायला घेतला, तिसऱ्या घावाला छिन्नी बेडरूममधल्या कपाटात निघाली, माझ्या साड्यांवर विटांचा भुगा. बाहेरची भिंत जाड असते पण तिथे पावसाची ओल आधीच, आणि बीम-कॉलमला तर हात लावायचा नाही. त्यापेक्षा शॉवरच्या भिंतीला साडेतीन फुटांवर चार इंचांचा साधा पट्टा बांधून घ्या, वर कडप्पा किंवा ग्रॅनाइट, थोडा पुढे ढाळ. त्यात शाम्पू, तांब्या, सासूबाईंची डाळीच्या पिठाची वाटी, सगळं बसतं.

एक छोटी गोष्ट जी कोणी सांगत नाही. मिक्सर शॉवरच्या बरोबर खाली लावू नका. आत शिरताना हात पोचेल असा, बाजूच्या भिंतीवर घ्या, म्हणजे पाइपातलं गार पाणी आधी जाळीत जातं आणि गरम आलं की तुम्ही आत जाता. पाइप दोन-तीन फूट जास्त लागेल. तुमच्या ९० हजारांच्या फिटिंगमध्ये हे सुख नाहीये.

आता ते सहा हजार. जुन्या बाथरूमचा स्लॅब खाली दबलेला असतो, त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला, त्याच्यात पाइप. टाइल्स काढल्या की कोबा ओला निघाला तर तो पूर्ण काढा, अर्धा ठेवून वर लेप लावून उपयोग नाही, ओल आत कोंडली जाते. मग स्लॅब धुऊन, फटी आणि पाइपाभोवतीची भोकं भरून, कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करून दोन हात वॉटरप्रूफिंग, भिंतीवर सगळीकडे फूटभर आणि शॉवरच्या भिंतींवर डोक्याच्या वरपर्यंत. मग पाइपाचं तोंड बंद करून पाणी भरायचं, खडूने पातळीची रेघ मारायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. खालच्या घरी जाऊन आपण स्वतः त्यांचं छत बघायचं, सकाळ-संध्याकाळ, चहाला थांबायला लागलं तर थांबायचं. फ्लॅटच्या आतल्या बाथरूममधून गळती झाली तर दुरुस्ती सोसायटी करत नाही, ती आपल्या खिशातून असते, आणि तेव्हा नवी टाइल, नवी जाळी सगळं पुन्हा फुटतं. तेव्हा डिझायनरला सांगा की लमसम ही ओळ खोडून किती स्क्वेअर फूट, कोणता माल, किती हात आणि पाणी भरून टेस्ट, असं लिहून द्या. फवारे आणि खोटं छत काढून जे पैसे सुटतील त्यातले पहिले इथे घाला. मिस्त्री म्हणेल "ताई, रात्रभर पाणी ठेवलं तरी कळतं." दोन रात्री ठेवा.

ह्यांना कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीये पण ते ओळींमध्ये आहे. नको म्हणून सुरुवात करू नका. बादली आणि मोबाइल त्यांच्या हातात द्या, मोजू दे त्यांनाच. हॉटेलातलं त्यांना नेमकं काय आवडलं तेही विचारा, बऱ्याचदा ते पाणी नसतंच. पिवळा मंद लाइट असतो, कोरडी जमीन असते, दार लावल्यावर कोणी हाक मारत नाही ते असतं. लाइट दोन हजारांत होतो. जमीन कोरडी त्या एका काचेने आणि ढाळाने राहील. हाक मारण्याचं तुम्ही आणि सासूबाई बघा. रिसेलचं मुलीला विचारा की घर विकायचंय कधी, उत्तर आलं तर मला कळवा.

काच मात्र सगळ्यात शेवटी. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, माप टाइल्स लागल्यावरच घेतात, म्हणजे तशीही घाई नाही. मी तर म्हणेन आधी एक आडवा रॉड आणि पाचसातशेचा शॉवरचा पडदा लावा, दोन-तीन महिने सगळ्यांनी आंघोळी करा आणि पाणी खरंच कुठपर्यंत उडतं ते बघा. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर आठवड्यात बसतात, प्रत्येक आंघोळीनंतर वायपर कोण मारणार हेही तोवर कळेल (मावशींना गृहीत धरू नका, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही). पडद्यावर भागलं तर काचेचे ४२ हजार हातात राहतात, आणि तेवढ्यात दुसऱ्या बाथरूममधला इंडियन काढून तिथे कमोड बसवायचं काम निघून जाईल.